आधी गच्ची, मग सेट

हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून बिनतारी सेटवरून इतरांशी बोलण्याचा, परवाना हातात पडल्यानंतर चौथ्याच दिवशी मी पहिला हँडहेल्ड सेट विकत घेतला आणि त्याच संध्याकाळी घराच्या खिडकीत उभा राहून रिपीटरला, म्हणजे आलेला आवाज उंचावरून पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या स्वयंचलित केंद्राला, पाच वेळा हाक दिली. पाचही वेळा सेट मुका राहिला. सेट सदोष निघाला अशी माझी खात्रीच झाली होती. दुकानाची पावतीही मी शोधून ठेवली होती. आमचे घर पुण्यात सेनापती बापट रस्त्याच्या वरच्या अंगाला, वेताळ टेकडीच्या कुशीत आहे आणि रिपीटर नैऋत्येकडच्या एका डोंगरावर, म्हणजे दोघांच्या मध्ये सबंध टेकडी आडवी पसरलेली आहे. नकाशावर हे मला दिसत होते, पण त्याचा अर्थ उमगत नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच सेट, तीच बॅटरी आणि तोच रबरी अँटेना घेऊन मी टेकडीच्या माथ्यावर गेलो आणि एकदाच माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे ओळखनाव, उच्चारला. शहराच्या दुसऱ्या टोकाहून एका ज्येष्ठ हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, लगेच उत्तर दिले, "गुड मॉर्निंग ओएम, आवाज अगदी स्वच्छ येतोय. कुठून बोलताय?" टेकडीवरून बोलतोय असे सांगताच ते हसले आणि म्हणाले, "मग आता घरी उतरू नका." (हॅम मंडळी वयाचा विचार न करता एकमेकांना 'ओएम', म्हणजे 'ओल्ड मॅन', म्हणतात. मी तेव्हा ३४ वर्षांचा होतो.)

या छंदाकडे वळणारा जो तो मला पहिल्यांदा विचारतो, "सेट कोणता घेऊ?" मी उलट विचारतो की तुम्ही कितव्या मजल्यावर राहता, गच्चीची किल्ली कोणाकडे असते आणि गच्चीपासून तुमच्या टेबलापर्यंत केबल किती मीटर लागेल. समोरच्याला हे टाळाटाळीचे उत्तर वाटते. पण माझे पहिल्या दोन वर्षांतले जवळजवळ सगळे वाया गेलेले पैसे हे प्रश्न न विचारल्यामुळे गेले आहेत, म्हणून ती हकीकत जरा तपशिलाने लिहितो.

त्याआधी परवान्याविषयी थोडेसे, कारण आपल्याकडे त्याशिवाय सेट बाळगणेही नियमबाह्य आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग, बोलीभाषेत 'डब्ल्यूपीसी', ही परीक्षा घेते आणि परवाना देते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षेला बसता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम एवढेच विषय असतात, तर जनरल श्रेणीसाठी त्यांच्या जोडीला मोर्स लिपी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने घेता आणि पाठवता यावी लागते. रिस्ट्रिक्टेडवाल्यांचे कॉलसाइन 'व्हीयू३'ने सुरू होतात आणि जनरलवाल्यांचे 'व्हीयू२'ने. माझा व्हीयू३ आहे, त्यामुळे मला एचएफ (दूर जाणाऱ्या शॉर्टवेव्हच्या) पट्ट्यांवर ५० वॅट आणि व्हीएचएफवर (हँडहेल्डच्या, जवळच्या पल्ल्याच्या पट्ट्यांवर) १० वॅट एवढ्याच शक्तीने प्रक्षेपण करता येते. खाली मी जे काही सांगतो आहे ते या मर्यादेत राहून केलेले आहे. परीक्षा आणि परवाना यांच्यामध्ये जे महिने जातात ते सेटच्या जाहिराती पाहण्यात घालवू नयेत, एवढे अनुभवाने सांगतो. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून कोणालाही फुकट फिरवता येतो. त्यावर रोज अर्धा तास वेगवेगळे पट्टे ऐकले तरी कान तयार होतो आणि आपल्याला नेमके काय करायचे आहे हे पैसे खर्च करण्याआधी कळते.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त वॉकीटॉकींची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यातील कमी शक्तीचे सेट परवान्याविना वापरता येतात आणि ट्रेकला गेलेल्या चौघांना एकमेकांना शोधायला ते पुरतात. मात्र त्याच चित्राखाली, तशाच खोक्यात, कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर बोलू शकणारे सेटही विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्यासाठी ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि पुढे मार्गदर्शक सूचनाही जारी केल्या. हौशी रेडिओसाठी आपल्याला मिळालेला टू मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि सत्तर सेंटिमीटरचा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढाच आहे, पण बाओफेंग यूव्ही-५आर सारखा लोकप्रिय सेट १३६ पासून १७४ पर्यंत कुठेही बोलू शकतो, आणि त्या मधल्या जागेत पोलीस, अग्निशमन दल आणि इतर अनेक जण काम करत असतात. म्हणून सेट हातात आल्यावर पहिले काम म्हणजे संगणकाला जोडून, चर्प नावाच्या मोफत प्रणालीतून, त्याच्या प्रक्षेपणाची सीमा आपल्या पट्ट्यापुरती बांधून टाकणे. ही प्रोग्रॅमिंग केबल घेताना दोन रुपये जास्त मोजावेत. स्वस्त केबलीतील नकली चिप विंडोजचा ड्रायव्हर ओळखतो आणि काम करायचे नाकारतो. माझा एक अख्खा रविवार त्यात गेला.

पहिला सेट म्हणून यूव्ही-५आर घ्यावा की यासू किंवा आयकॉमचा तिप्पट-चौपट किमतीचा हँडहेल्ड घ्यावा, यावर जुन्या हॅम मंडळींत कडाक्याचे मतभेद आहेत. स्वस्त सेटच्या प्रक्षेपणाबरोबर दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीवर नको ते पडसादही जातात आणि जवळपास एखादे जोरदार स्टेशन असले की त्याचे ग्रहण बधिर होते, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. शहरातील एफएम आणि मोबाइलच्या मनोऱ्यांच्या जंगलात दुसरा आक्षेप अधिक बोचतो. तरीही मी स्वस्तच घेतला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण उरलेले पैसे अँटेनावर खर्च करता आले. फक्त एक बारीक गोष्ट आधी माहीत असती तर बरे झाले असते: बाओफेंगच्या डोक्यावर खिळा असलेला एसएमए कनेक्टर असतो, तर यासूच्या डोक्यावर भोक असलेला. एकाचा अँटेना दुसऱ्याला बसत नाही, आणि दुकानदार ते विचारत नाही.

हँडहेल्डबरोबर येणारा वीतभर रबरी अँटेना ही तडजोड असते. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे दोन मीटर आहे, तिचा पाव भाग म्हणजे अर्धा मीटर, आणि तेवढी लांबी गुंडाळून वीतभर रबरात कोंबली की कार्यक्षमता जाणारच. शिवाय पाव तरंगाच्या अँटेनाला त्याचा उरलेला अर्धा भाग जमिनीत किंवा धातूच्या पत्र्यात शोधावा लागतो, आणि हँडहेल्डमध्ये ते काम आपला हात करतो, म्हणजे वाईट करतो. यावर एक फुकटचा उपाय आहे. ४९ सेंटिमीटर लांबीची साधी वायर अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला लावून खाली सोडायची; तिला हॅम लोक 'टायगर टेल' म्हणतात. खिडकीतल्या माझ्या सेटला ती शेपटी लावल्यावर रिपीटर उघडू लागला, पण माझा आवाज तुटक जात होता. बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून मग बोलायचे, ही सवयही तेव्हाच लागली, कारण रिपीटरला आपल्या संकेतातला ठरलेला खुणेचा टोन ओळखून दार उघडायला तेवढा वेळ लागतो आणि घाईने बोललेल्याचे पहिले अक्षर बाहेरच राहते.

खरा फरक गच्चीने पडला. व्हीएचएफ लहरी साधारणपणे दृष्टीच्या रेषेत जातात. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की किलोमीटरमध्ये रेडिओचे क्षितिज मिळते. सपाट मैदानात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील, दीड मीटर उंचीवरील अँटेनाला ते ५ किलोमीटर भरते आणि चार मजली इमारतीवरच्या पंधरा मीटर उंचीला १६ किलोमीटर. सिंहगड शहरापेक्षा सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, म्हणजे तिथून क्षितिज शंभर किलोमीटरच्याही पलीकडे जाते. दूरदर्शनने आपला मनोरा तिथे का बांधला याचे उत्तर या एका गुणाकारात आहे. शक्तीचे गणित मात्र याच्या उलट वागते. ५ वॅटऐवजी ५० वॅट पाठवले तर ऐकणाऱ्याला १० डेसिबलचा (डेसिबल म्हणजे संकेताची ताकद तोलायचे माप) फरक पडतो, आणि सेटवरच्या सुईची एक खूण ६ डेसिबलची मानली जाते. दहापट पैसे आणि दहापट वीज खर्चून सुई पावणेदोन घरे पुढे सरकते. हाच फायदा अँटेना खोलीतून गच्चीवर नेल्याने सहज मिळतो, आणि त्यात ऐकू येणेही सुधारते, जे शक्ती वाढवून कधीच सुधारत नाही.

गच्चीवरचा माझा पहिला अँटेना मी स्वतः बनवला. त्याला ग्राउंड प्लेन म्हणतात. पॅनेलवर बसवायचा एक एसओ-२३९ कनेक्टर घ्यायचा, त्याच्या मधल्या खिळ्याला ४९ सेंटिमीटरची पितळी सळई उभी डाखवायची आणि चार कोपऱ्यांच्या भोकांना त्याहून दोन-तीन सेंटिमीटर लांब अशा चार सळया स्क्रूने जोडून त्या ४५ अंशांनी खाली वाकवायच्या. एवढेच. बोहरी आळीत सगळे सामान मिळाले. चार सळया खाली वाकवल्या की अँटेनाचा रोध ५० ओमच्या जवळ येतो आणि केबलशी त्याचे जुळते. त्या आडव्या ठेवल्या तर तो ३५-३६ ओमवर राहतो. सळई उभीच हवी, कारण रिपीटरचा अँटेना उभा असतो. आडवा अँटेना लावून उभ्याशी बोलायला गेले तर २० डेसिबलपर्यंत संकेत गमावतो. जुन्या गच्च्यांवर दूरदर्शनचे जे आडव्या काड्यांचे अँटेना गंजत उभे असतात ते पाहून "तोच लाव की" असे मला किमान चार जणांनी सुचवले, म्हणून हे सांगितले. त्यांची ती ३०० ओमची चपटी पट्टीवायर मात्र सापडली तर टाकू नये. तिच्यापासून 'स्लिम जिम' नावाचा, गुंडाळून पिशवीत ठेवता येणारा सुरेख अँटेना बनतो, आणि माझा ट्रेकचा अँटेना तोच आहे.

केबलच्या बाबतीत मी चुकलो, आणि ती चूक बहुतेक सगळेच करतात. गच्चीपासून टेबलापर्यंत २० मीटर केबल लागणार होती. मी आरजी-५८ घेतली, कारण ती बारीक, वळणारी आणि स्वस्त होती. १४५ मेगाहर्ट्झला ती दर शंभर मीटरला सुमारे २० डेसिबल खाते, म्हणजे २० मीटरमध्ये ४ डेसिबल, म्हणजे सेटमधून निघालेल्या ५ वॅटपैकी अँटेनाला पोहोचतात जेमतेम २. उरलेले ३ वॅट जिन्यातल्या भिंतीला ऊब देतात. आरजी-२१३ घेतली असती तर तोटा दोन डेसिबलच्या आत राहिला असता आणि एलएमआर-४०० घेतली असती तर एका डेसिबलवर आला असता. तीच आरजी-५८ एचएफवर, ७ मेगाहर्ट्झला, एक डेसिबलसुद्धा खात नाही, त्यामुळे ती वाया गेली नाही. पुढे ती डायपोलला, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाला, लागली. केबल टीव्हीची काळी-पांढरी केबल ७५ ओमची असते आणि ती घरात पडून असली तरी व्हीएचएफला वापरण्याचा मोह टाळावा. कनेक्टरांविषयी एवढेच म्हणेन की पीएल-२५९ ला डाख लावायला २५ वॅटची सोल्डरिंग गन पुरत नाही. बाहेरच्या जाळीला डाख नीट धरला नसेल तर महिनाभर सारे ठीक चालते आणि मग एका दिवशी वारा सुटला की आवाज येतो-जातो. पाऊस कनेक्टरमधून केबलीत शिरला की तो आत झिरपत जातो आणि ती केबल टाकूनच द्यावी लागते. माझी अशी एक केबल जुलैमध्ये गेली. आता प्रत्येक जोडावर आधी स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर साधी काळी टेप, आणि केबल इमारतीत शिरण्याआधी खाली लोंबता वळसा, ज्यावरून पाणी ठिबकून जाते.

सोसायटीची परवानगी हा प्रकार तांत्रिक नसला तरी त्याला फाटा देता येत नाही. मी कमिटीच्या बैठकीला परवान्याची प्रत आणि अँटेनाचे चित्र घेऊन गेलो. सेक्रेटरीकाकांनी तीन प्रश्न विचारले. "टीव्हीत मुंग्या येतील का?" आल्या तर मी त्याच दिवशी बंद करीन, असे लिहून दिले. "अहो, मोबाइल टॉवरसारखे काही होणार नाही ना?" मोबाइलचा मनोरा दिवसरात्र बोलतो, मी दिवसातून अर्धा तास बोलतो आणि त्यातलाही निम्मा वेळ ऐकतो, हे त्यांना पटले. तिसरा प्रश्न होता, "आणि वीज पडली तर?" हा खरा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे तेव्हा चांगले उत्तर नव्हते. इमारतीला तडितरक्षक होता. त्याच्या टोकापेक्षा माझा दांडा खाली ठेवायचा, दांड्याला स्वतंत्र जाड तांब्याची पट्टी लावून ती अर्थिंगपर्यंत न्यायची आणि वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर केबल सेटपासून सोडवून खिडकीबाहेर ठेवायची, एवढे त्यांच्याच सांगण्यावरून ठरले. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात चार वाजता आभाळ भरून येते तेव्हा मी कार्यालयात असतो, म्हणून आता केबल सकाळी निघतानाच सोडवतो.

व्हीएचएफवर दीड वर्ष काढल्यावर एचएफची ओढ लागली. इथे लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, त्यामुळे टेकडीचा अडथळा संपतो आणि जागेचा सुरू होतो. ४० मीटर पट्ट्यासाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झसाठी, अर्ध्या तरंगाचा डायपोल लागतो. त्याची लांबी १४३ ला फ्रिक्वेन्सीने भागून मिळते, ७.१ मेगाहर्ट्झला २० मीटर १४ सेंटिमीटर. आमची गच्ची लांबीला १४ मीटर आहे. सरळ तार बसणार नाही हे उघड होते, म्हणून मधोमध साडेसहा मीटरचा जीआय पाइप उभा करून तार दोन्ही बाजूंना तिरकी खाली आणली आणि टोके कठड्याच्या बाहेर काढून नायलॉनच्या दोरीने शेजारच्या आंब्याला आणि पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधली. याला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात. तार म्हणजे घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर. टोकांना विजेच्या खांबांच्या ताणतारेवर असतात तसले चिनी मातीचे अंडाकृती इन्सुलेटर लावले, आणि मध्यभागी केबलचेच दहा वेढे पीव्हीसी पाइपवर गुंडाळून चोक केला, जेणेकरून केबलीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह उलटा घरात शिरू नये.

तार नेहमी लांब कापावी आणि मग छाटावी, कारण तिच्यावरचे प्लास्टिक, गच्चीतले लोखंड आणि जवळची टाकी हे सगळे मिळून तिची विद्युतलांबी वाढवतात. मी एकूण २० मीटर ६० सेंटिमीटर तार टांगली. एका मित्राचा नॅनोव्हीएनए, म्हणजे खिशात मावणारे मोजणीयंत्र, उसना आणला आणि केबल जोडली, तर डायपोल ६.८६ मेगाहर्ट्झला जुळत होता. ७.१ वर आणायचे तर ६.८६ भागिले ७.१, म्हणजे लांबी साडेतीन टक्क्यांनी कमी करायची. प्रत्येक बाजूने ३५ सेंटिमीटर. मी भीतभीत आधी २५ कापले, मोजले, मग आणखी १० कापले. त्या संध्याकाळी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचे माप, १ म्हणजे काहीच नाही) १.४ वर आला आणि मी तिथेच थांबलो. १.५ एसडब्ल्यूआर म्हणजे फक्त ४ टक्के शक्ती परत येते, २ असला तरी ११ टक्के. १.१ गाठण्यासाठी सुट्टीचे दिवस घालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा तो वेगळा छंद आहे असे मी मानतो. या तारेचा एक न मागितलेला फायदा असा की ४० मीटरचा डायपोल २१ मेगाहर्ट्झलाही दीड तरंगाचा होऊन आपोआप जुळतो, त्यामुळे एकाच तारेत दोन पट्टे मिळाले.

आणि मग, सगळ्यात शेवटी, एचएफ सेट. माझ्यापुढे तीन वाटा होत्या. हैदराबादच्या अशहर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी रचलेला यूबीआयटीएक्स हा सुमारे १० वॅटचा, सर्व एचएफ पट्ट्यांचा, उघड्या आराखड्याचा सेट किट म्हणून मिळत होता; त्याचा आराखडा सर्वांना खुला असल्यामुळे बिघाड झाला तर स्वतः शोधता येतो, आणि शिकण्यासाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. दुसरी वाट आयकॉमच्या आयसी-७३०० ची, ज्याच्या पडद्यावर अख्खा पट्टा धबधब्यासारखा वाहताना दिसतो. किंमत ऐकून मी ती वाट सोडली. तिसरी, आयसी-७१८ सारखा जुना, साधा, १०० वॅटचा सेट एखाद्या परवानाधारक हॅमकडून घेऊन शक्ती ५० वर बांधून वापरणे. मी तिसरी निवडली. वापरलेला सेट घेताना मालकाच्याच टेबलावर, त्याच्याच अँटेनावर, निदान तासभर चालवून पाहावा. सेट तापल्यावर फ्रिक्वेन्सी सरकते का, मोठे बटण फिरवताना आकडे उड्या मारतात का आणि माइकचे बटण अडकते का, एवढे तपासले तरी पुष्कळ कळते. आत उघडून स्क्रूंचे माथे पाहावेत. ते ओरबाडलेले असतील तर कोणीतरी आधी आत हात घातलेला आहे.

सेटला १३.८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि बोलताना १४-१५ अँपिअर प्रवाह ओढला जातो. मी हाताशी होती ती दीड चौरस मिलिमीटरची वायर दोन मीटर वापरली, तर दर मोठ्या शब्दाला सेट बंद पडू लागला. गणित साधे होते: जाऊन-येऊन चार मीटर वायरचा रोध सुमारे ४८ मिलिओम, त्यातून १४ अँपिअर, म्हणजे पाऊण व्होल्टच्या आसपास वायरीतच गळती. चार चौरस मिलिमीटरची वायर घातल्यावर ती पाव व्होल्टवर आली. दोन्ही तारांवर, काळ्यावरसुद्धा, फ्यूज असावा.

पण पुरवठ्याने मला खरे शिकवले ते गोंगाटाविषयी. पहिल्या रात्री ७ मेगाहर्ट्झ लावले तर सुई एस-८ वर, म्हणजे आठव्या खुणेवर, चिकटलेली आणि कानात अखंड भणभण. त्या गोंगाटाखाली अर्धा भारत बोलत असणार आणि मला त्यातले काहीच ऐकू येत नव्हते. सेट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच बंद केला, तर सुई एस-५ वर उतरली. म्हणजे निम्मा शत्रू घरातच होता. मग एकेक एमसीबी वर करत गेलो: स्वयंपाकघरातली एलईडी पट्टी, एका मोबाइलचा नकली चार्जर, आणि माझा स्वतःचा स्विचमोड पुरवठा, जो मी मोठ्या कौतुकाने हलका म्हणून घेतला होता. पट्टी आणि चार्जर बदलले, आणि स्विचमोडच्या जागी ट्रान्सफॉर्मरचा, आठ किलोंचा, जुन्या पद्धतीचा पुरवठा आणला. राहिलेला एस-५ बाहेरून येत होता. शॉर्टवेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावून मी रात्री साडेदहा वाजता जिन्यातून वर-खाली हिंडत होतो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून विचारले, "काय रे, मॅच आहे का?" गोंगाट जिन्यातल्या सहा एलईडी दिव्यांपैकी दोघांतून येत होता. ते दोन दिवे मी स्वखर्चाने बदलून दिले आणि सेक्रेटरीकाकांनी ती नोंद कमिटीच्या वहीत 'सदस्याची देणगी' म्हणून केली. सुई एस-२ वर आली. सेटवर केलेल्या कोणत्याही खर्चाने मला एवढे ऐकू आले नव्हते.

पहिला एचएफ संपर्क झाला तो पहाटे सव्वासहाला, कोझिकोडच्या एका स्टेशनशी. त्यांनी माझ्या अँटेनाविषयी विचारले आणि मी सांगितल्यावर म्हणाले की त्यांचाही डायपोल नारळाच्या दोन झाडांमध्ये तसाच टांगलेला आहे. आम्ही एकमेकांना 'फाइव्ह नाइन' (आवाज स्पष्ट आणि जोरदार) दिले, 'सेव्हन्टी थ्री' (शुभेच्छा) म्हटले, आणि मी वहीत वेळ, फ्रिक्वेन्सी आणि कॉलसाइन लिहून घेतला. त्यानंतर दिवस चढला तशी दूरची स्टेशने एकेक करून विरत गेली, कारण सूर्य वर आला की वातावरणाचा खालचा थर ७ मेगाहर्ट्झ शोषू लागतो आणि पट्टा जवळच्या अंतरापुरता उरतो.

सध्या पाइपाच्या बुडाशी गंज दिसू लागला आहे आणि आंब्याकडची दोरी उन्हाने चरचरीत झाली आहे. मृग लागण्याआधी तिच्या जागी काळी पॉलिस्टरची दोरी लावायची आहे, आणि ग्राउंड प्लेनला अखेर आरजी-२१३ जोडायची आहे, जी गेले तीन महिने गुंडाळी होऊन माझ्या टेबलाखाली पडून आहे.